विश्लेषण : गावच्या तलावात कयाक चालवावी का? पाणी कुणाचे आणि धोका कुठे?

भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये हल्ली एक फोटो हमखास सापडतो. अंगात केशरी लाइफ जॅकेट, हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आणि मागे सह्याद्रीचे धुके. घरी परतल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच येतो. तलाव तर आपल्या गावालाही आहे, मग तिथे का नको? अहिल्यानगर जिल्ह्यात असे पाणी शोधायला लांब जावे लागत नाही. पाझर तलाव, गावतळी, लघु पाटबंधारे तलाव आणि शेततळी चौदाही तालुक्यांत आहेत आणि त्यांतल्या अनेकांमध्ये मासे सोडलेले असतात. कयाक तिथे तरंगेल, यात शंका नाही. पण त्या पाण्यावर आधीपासून कुणाचे पोट आहे आणि पाण्याखाली काय दडले आहे, हे पाहिल्याशिवाय वल्हे हातात घेणे महागात पडू शकते.

कयाक म्हणजे नेमके काय?

कयाक ही मूळची शिकाऱ्यांची होडी. आर्क्टिक प्रदेशातले इन्युइट आणि अल्यूट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. एका माणसापुरती, अरुंद आणि आवाज न करता सावजाजवळ जाणारी. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून कयाक आणि कनू या दोन्ही होड्या स्पर्धेत आल्या. कयाकच्या वल्ह्याला दोन पाती असतात, कनूच्या वल्ह्याला एकच. नौकानयन हा खेळ या दोन्हींपेक्षा वेगळा. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यात वाढलेला दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत १३ वा आला, तो नौकानयनात. त्यात खेळाडू ज्या दिशेला जायचे तिकडे पाठ करून बसतो. कयाकमध्ये तोंड पुढे असते, त्यामुळे नवशिक्यालाही ती लवकर जमते.

पर्यटनस्थळी दिसणारी कयाक बहुतेक वेळा ‘वर बसायची’ असते. आत पाय घालायचे भोक नसते, पोकळ प्लास्टिकच्या धडावर खोलगट बैठक असते. गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या पद्धतीने बनते, म्हणजे साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवायचा, त्याच पद्धतीने ही कयाक बनते. ती उलटली तरी बुडत नाही, कारण पाणी भरायला आत वाटच नसते. कयाक आणि माणूस मिळून वजन १०० किलो धरले तर तिला १०० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. तळाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास असेल तर ती सरासरी सहा ते सात सेंटिमीटरच पाण्यात बुडते. म्हणजे गुडघाभर पाण्यातही ती चालते. लहान तलावांसाठी ही होडी सोयीची ठरते ती यामुळे.

एवढ्याशा तलावात मजा ती काय?

नवशिका ताशी चार ते पाच किलोमीटर वेगाने वल्हवतो. तलाव ४०० मीटर लांब असेल तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला पाच-सहा मिनिटे लागतात. काठाकाठाने दोन-तीन फेऱ्या मारल्या की नवख्या माणसाचे खांदे बोलू लागतात. शिकण्यासाठी तर लहान पाणीच बरे, कारण काठ कायम नजरेत असतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी प्राची यादव भोपाळच्या छोट्या तलावात घडली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंगच्या साथीने कनूमध्ये कांस्यपदक जिंकणारा सुनील सिंग मणिपूरच्या लोकटक सरोवराकाठचा आहे. त्याच्या भागात होडी म्हणजे आधी मासेमारीचे साधन, खेळ नंतर.

अहिल्यानगरचे तळ्यांशी नातेही जुने आहे. शहराजवळच्या फराहबागेचा निजामशाही महाल तळ्याच्या मध्यावर बांधलेला होता, आज त्याच्याभोवती पाणी नाही. भातोडीच्या तलावाचे तर युद्धच झाले. १६२४ मध्ये मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मुघल-आदिलशाही फौजेची वाट चिखलात रुतवली, असे इतिहासकार सांगतात. पावसाच्या सावलीतला हा प्रदेश पाणी साठवून जगत आला आहे आणि साठवलेल्या पाण्याला इथे नेहमीच कुणी ना कुणी धनी असतो.

मग हे पाणी कुणाचे?

‘सरकारी तलाव आहे, कुणीही उतरावे’ असे गावात सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टरपर्यंतचे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यावरचे जलसंपदा विभागाकडे असतात. गावतळे बहुधा ग्रामपंचायतीचे. बांध, सांडवा आणि पाणी यांची जबाबदारी त्या त्या यंत्रणेची असते. म्हणून परवानगीचा पहिला अर्ज तिथे करायचा आणि होकार लेखी घ्यायचा. सरपंचांनी चहा पिताना मान डोलावली, ही परवानगी नव्हे.

यानंतर येतो दुसरा धनी, आणि प्रत्यक्षात तोच महत्त्वाचा. तलावातले मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेला आणि साधारण पाच वर्षांसाठी. संस्था कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत घेऊन पावसाळ्यात पाण्यात सोडते. ती किलोभर व्हायला बरेच महिने जातात. मधल्या काळात पाऊस दगा देतो, तलाव लवकर आटतो, पाणकावळे ताव मारतात, रात्रीतून कुणीतरी जाळे टाकून जातो. या सगळ्यातून जे उरेल ती संस्थेच्या सभासदांची कमाई. तलावातला मासा म्हणजे शेतातले उभे पीकच समजायला हवे. फक्त ते पाण्याखाली असल्याने दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याची कुणाला पर्वा नसते. कयाकवर बसून गळ टाकण्याची परदेशी हौस आता व्हिडीओंमधून आपल्याकडेही पोहोचली आहे. संस्थेला न विचारता ठेक्याच्या तलावात गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरून कांडे मोडण्यासारखे आहे. ‘पकडून परत सोडतो’ हा खुलासा तिथे चालत नाही. गळ लागून जखमी झालेला मासा जगेलच, असे नाही.

भाडे घेऊन इतरांना कयाक चालवायला द्यायची असेल तर नियम आणखी वेगळे आहेत. राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही ठिकाणच्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षेची साधने ठेवावीत, असे त्यात अपेक्षित आहे. रविवारी दोन कयाक तलावात सोडून माणशी पैसे गोळा करणाऱ्यालाही हे लागू होते. शेवगाव आणि नेवासा तालुक्यांच्या कडेला पसरलेल्या नाथसागराची गोष्ट निराळी. जायकवाडीचा तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय काहीच करता येत नाही.

जाळ्यांचा आणि कयाकचा संबंध काय?

लहान तलावांत मासेमार बहुतेक करून तंगुसाची, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याची, जाळी वापरतात. ती पाण्यात उभ्या पडद्यासारखी राहतात. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात, खालच्या कडेला वजन असते. मासा धाग्यात कल्ल्यांपाशी अडकतो. जाळे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे काढायचे, असा सर्वसाधारण क्रम. हा धागा माशाला दिसत नाही तसा माणसालाही दिसत नाही. वल्हे त्यात अडकले तर जाळे फाटते आणि एका दिवसाचा धंदा बुडतो. कयाक जाळ्याजवळ उलटली तर माणसाचे पाय त्यात गुंततात, आणि तिथे चांगले पोहता येण्याचाही उपयोग होत नाही. जितकी झटापट करावी तितका धागा घट्ट बसतो.

म्हणून पाण्यावर बाटल्यांची रांग दिसली की ती ओलांडायची नाही, वळसा घालायचा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आदल्या दिवशी मासेमाराला विचारणे. जाळी कुठे लावणार, कधी काढणार, पाण्यात कुठे काय बुडालेले आहे, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. तलावाचा नकाशा कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही, तो या माणसाच्या डोक्यात असतो.

हे मासेमार स्वतः पाण्यात कशावरून जातात, हेही पाहण्यासारखे आहे. अनेक तलावांवर आजही थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा किंवा ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब दिसते. थर्माकोल बहुतांश हवाच असल्याने एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड ठोकळा जवळजवळ ३०० किलो वजन पेलू शकतो. किंमत कमी, दुरुस्ती सोपी. पण त्याला धरायला कठडा नसतो, उन्हाने कडा झडतात आणि ते पांढरे दाणे पाण्यात पसरतात. त्यावर बसलेल्या माणसाच्या अंगात बहुधा लाइफ जॅकेट नसते. शहरातून आलेला तासाभराचा हौशी माणूस जॅकेट घालून, आणि रोज त्याच पाण्यात उतरणारा माणूस त्याच्याविना, हे चित्र फार शोभणारे नाही. ज्या गटाला गावच्या तलावात नियमित कयाक चालवायची आहे, त्याने संस्थेला वापराचे शुल्क देताना सोबत सभासदांसाठी दोन-चार चांगली जॅकेट दिली, तर परवानगीचे बोलणे बरेच सोपे जाईल. मासेमारीला टणक, रुंद कयाक तराफ्यापेक्षा कमी धोक्याची पडते, हाही संस्थांनी विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

शेततळ्यात चालेल का?

नाही. याचे उत्तर एवढेच आहे, तरी कारण समजून घ्यायला हवे, कारण शेततळे घराजवळ असते आणि मुलांचा डोळा आधी त्यावरच जातो. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि दुष्काळी तालुक्यांत शेततळ्यांची संख्या वाढली. योजनेतले मोठ्यात मोठे शेततळे ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल. एवढ्याशा पाण्यात कयाक चालवण्यात मजा नाहीच. धोका मात्र मोठ्या तलावाहून जास्त. पाणी मुरू नये म्हणून तळाशी आणि उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर काही आठवड्यांत शेवाळाचा थर चढतो. पाण्यात पडलेला माणूस काठापाशी पोहोचतो, पण उतारावर पाय टेकवला की परत आत घसरतो. हाताला धरायला काहीच नसते. पोहणारा माणूसही अशा रीतीने दमून बुडतो. आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, मग तिसरा. एकाच कुटुंबातली दोन-तीन माणसे एकाच शेततळ्यात गेल्याच्या बातम्या राज्यात पुन:पुन्हा येतात, त्या यामुळेच.

शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्यांनी कुंपण, चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडलेले गाठी मारलेले दोर आणि काठावर एक फुगवलेली ट्यूब एवढे तरी ठेवावे. खर्च शेततळ्याच्या कागदाच्या मानाने नगण्य आहे.

पाझर तलावाच्या पाण्याखाली काय असते?

लहान तलावाचा तळ ताटलीसारखा सपाट असतो, हा मोठा गैरसमज. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक तलावांतला गाळ काढून शेतांत टाकला गेला. शेतीला त्याचा फायदा झाला, तलावांची साठवणही वाढली. मात्र पोकलेन जिथे चालले तिथे खड्डे राहतात. काठापासून दहा पावले कमरेएवढे पाणी आणि अकराव्या पावलाला डोक्यावर, असा प्रकार त्यामुळे होतो. काही तलावांच्या बुडीत क्षेत्रात जुन्या विहिरीही असतात. भरल्या तलावात त्यांचा पत्ता लागत नाही.

बुडालेल्या बाभळी हा आणखी एक त्रास. हवा भरायची रबरी कयाक स्वस्त आणि मोटारीच्या डिकीत मावणारी असल्याने लोक तीच घेतात. बाभळीच्या काट्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. या भागातल्या तलावांसाठी टणक प्लास्टिकची कयाकच बरी. पाणकणीस आणि बेशरमाची झुडपे माजलेल्या काठानेही जाऊ नये, वल्हे अडकते आणि खाली चिखल रुततो. काठावर शेतकऱ्यांच्या विद्युत मोटारी असतात, त्यांच्या केबल पाण्यातून गेलेल्या असतात आणि जोड चिकटपट्टीने गुंडाळलेले. सोललेल्या केबलमुळे ओल्या काठावर प्रवाह उतरू शकतो. मोटार सुरू असो वा बंद, त्या कोपऱ्यात कयाक नेऊ नये, पाणबुड्या मोटारीच्या दोराला तर मुळीच हात लावू नये. पावसाळ्यात सांडवा वाहत असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही. वरून शांत दिसणारे पाणी सांडव्याकडे ओढ घेत असते आणि पलीकडे दगड असतात.

वारा किती, तर भीतीदायक?

मे २०२४ मधील दोन घटना इथल्या लोकांच्या लक्षात आहेत. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामधल्या पाण्यात प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसे, हाताशी साधने, आणि तरीही हे झाले. उजनीचे विस्तीर्ण पाणी आणि प्रवरेतला भोवरा गावच्या तलावात नसतो, हे खरे. वळवाचा वारा मात्र तोच असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटू लागले की पाच-दहा मिनिटांत वारा उठतो. कयाक हलकी आणि पाण्याच्या वर जास्त असल्याने तो तिला पानासारखी ढकलतो. नवशिक्याला वाऱ्याविरुद्ध वल्हवता येत नाही.

यातही एक बारकावा आहे. कयाक उलटली की वारा रिकाम्या कयाकला पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने दूर नेतो. म्हणून पडल्यावर पहिले काम काठाकडे पोहणे नव्हे, कयाकला धरणे. ती तरंगत राहते, तिला धरलेला माणूसही तरंगतो आणि दुरून दिसतो. कयाक सरळ करून तिच्यावर पोटावर आडवे चढायचे, मग वळून बसायचे. हे कमरेएवढ्या पाण्यात पाच-सहा वेळा करून पाहिल्याशिवाय कुणालाही खोल पाण्यात पाठवू नये.

जॅकेट कुठलेही चालते का?

जॅकेटची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचे जॅकेट साधारण पाच किलोचा उचल देते आणि ते पोहता येणाऱ्यांसाठी असते. न पोहणाऱ्याला १०० न्यूटनचे हवे, ते माणसाचे तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करते. स्वस्त केशरी जॅकेटवर हा आकडा लिहिलेलाच नसेल तर ते फोटोपुरतेच समजावे. पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून कुणीतरी वर ओढून पाहावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर पाण्यातही तेच होणार. बाकी सामानात शिट्टी, १५ मीटर तरंगता दोर आणि जाळ्यात पाय गुंतलाच तर हाताला लागेल असा लहान चाकू. एकट्याने जायचे नाही आणि काठावर एक माणूस ठेवायचा, ज्याच्या फोनला रेंज आहे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

योग्य वेळ आणि हंगाम कोणता?

जाळी पहाटे निघतात आणि वारा बहुधा दुपारी सुटतो. त्यामुळे सकाळी आठ ते साडेदहा हा वेळ कयाकच्या वाट्याला येतो. पावसाळा संपून तलाव भरलेले असतात तो ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. याच दिवसांत थंडीतले पाहुणे पक्षीही उतरतात. कयाकचा आवाज होत नसल्याने ती थव्याच्या अगदी जवळ जाते आणि अख्खा थवा एकदम उडतो. एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, पण रोज सकाळी असे झाले तर ते पक्षी त्या तलावावर उतरणे सोडतात. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथूनच कयाक वळवावी.

फेब्रुवारीनंतर पारनेर, पाथर्डी, कर्जत या भागांतले अनेक लहान तलाव आक्रसू लागतात. पाणी मध्यावर गोळा होते, कडेने भेगाळलेला चिखल उघडा पडतो आणि मासे थोड्या पाण्यात दाटतात. संस्थेच्या वर्षाच्या कमाईचे हेच दिवस असतात. सभासद ओढजाळे घेऊन उतरतात, काठावर वजनकाटा लागतो, व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. त्या आठवड्यांत तलाव पूर्णपणे त्यांचा. कयाक धुऊन, उन्हापासून झाकून घरी उलटी ठेवायची आणि काठावर जायचेच असेल तर पिशवी घेऊन ताजा मासा आणायला जायचे.